आप्पांचं दुकान क्लाउडवर गेलं तेव्हा

मी नंदुरबारला राहते आणि छोट्या दुकानदारांची हिशेबाची कामं करते. सीए नाही. बी.कॉम. झाल्यावर एका कर सल्लागाराकडे सात वर्षं बसले, तिथे शिकले, आणि मग स्वतःची कामं घ्यायला लागले. स्कूटीच्या डिकीत लॅपटॉप, चार्जर, दोन पेनड्राइव्ह आणि टोपी. ठरलेल्या वारी ठरलेली गावं. माहेर कोरीटचं असल्यामुळे या भागातल्या दुकानदारांशी अहिराणीत बोलायला मला कधी जड गेलं नाही. कॉम्प्युटरविषयी बोलायला लागले की मात्र तोंडातून आपोआप शाळेतली मराठी येते. त्यावरून लोक हसतातही.

धानोऱ्याला माझं एक जुनं गिऱ्हाईक आहे. ठिबकच्या नळ्या, पीव्हीसी पाइप, मोटारी, फूटव्हॉल्व्ह असा माल. दुकान रस्त्यावरच. मालकाला सगळे आप्पा म्हणतात, मीही म्हणते. वय साठीच्या अलीकडे. शेती भावाकडे दिली आणि स्वतः दुकान टाकलं. हा गृहस्थ कॉम्प्युटर शिकला पन्नाशीत, तेही कुणाकडे न जाता. उजव्या हातात कायम पेन किंवा फोन, त्यामुळे कीबोर्डवर चालायचं ते डाव्या हाताचं एकच बोट. त्या एका बोटाने बिल इतकं झरझर निघायचं की मी दोन्ही हातांनी त्यांना गाठू शकत नसे.

साधारण चार वर्षांपूर्वी त्यांनी जुनी पावती पुस्तकं बंद करून सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं, तेव्हा मला विचारलं होतं. दोन प्रकार होते. एक, दुकानातल्याच कॉम्प्युटरवर टाकायचं. माहिती त्या डब्यात राहणार. दुसरा, इंटरनेटवरून चालणारं, क्लाउडवरचं; माहिती कंपनीकडे, आपण कुठूनही उघडायची. मी दोन्ही सांगितले, पण सांगताना पहिल्याच्या बाजूने जरा जास्त बोलले. त्याची कारणं खरी होती. धानोऱ्यात वादळवारा सुटला की नेट जायचं. आणखी एक कारण होतं, ते मी तेव्हा स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. दुकानातल्या कॉम्प्युटरला कुणीतरी येऊन बघणारं लागतं. बॅकअप घ्यायचा, नवीन आवृत्ती टाकायची, काही अडलं तर सोडवायचं. ते कुणीतरी म्हणजे मी. आठवड्याची एक फेरी पक्की.

आप्पांना माझं पटवायची गरजच नव्हती. ते म्हणाले, "ताई, मन्हं दुकान मन्हा डोयासमोर पाहिजे. दुसराना घर कसाले ठेवू?"

पुढे महिन्याभरातच कॉम्प्युटर दुरुस्त करायला आलेल्या कुणीतरी खरेदीचे भाव बघितले आणि ते शेजारच्या गावातल्या दुकानापर्यंत पोचले, असा आप्पांना संशय आला. खरं-खोटं कळलं नाही. पण त्यांनी सगळ्या माहितीवर एक पासवर्ड घातला. तो टाकल्याशिवाय आत काहीच दिसायचं नाही, दुकानाचं नावसुद्धा नाही, नुसत्या चांदण्या. मी गेले की ते आधी स्वतः बसून पासवर्ड टाकायचे आणि मग उठून मला खुर्ची द्यायचे. ते टाकत असताना मी रस्त्याकडे बघायची. ही आमची पद्धत पडून गेली. एकदा मी म्हटलं होतं, "आप्पा, हा पासवर्ड वहिनींना तरी सांगून ठेवा." ते म्हणाले, "सांगसू." आणि मीही पुन्हा विचारलं नाही. ते माझं काम होतं, आणि मी केलं नाही, हे मला मान्य आहे.

एका सकाळी आप्पा दुकानाचं शटर वर करत असताना खाली बसले ते उठलेच नाहीत. समोरच्या चहावाल्याने बघितलं. लकवा होता. नंदुरबारला नेलं, तिथून सुरतला. त्यांची मुलगी सुरतेतच एका कंपनीच्या ऑफिसात नोकरी करते, त्यामुळे दवाखान्याचं तिने सांभाळलं. तीन आठवड्यांनी त्यांना घरी आणलं तेव्हा मी भेटायला गेले. उजवा हात आणि उजवा पाय निकामी होता. चेहरा थोडा ओढलेला. मला ओळखलं, डोळे भरून आले. पण बोलणं गेलं होतं. एकच शब्द उरला होता: चाल. पाणी हवं असलं तरी चाल, कूस बदलायची असली तरी चाल, नको म्हणायचं असलं तरी चाल. आपल्या तोंडून भलताच शब्द निघतोय हे त्यांना कळत होतं, आणि तेच बघायला फार अवघड होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, समजतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत. लिहूनही येत नाही. वेळ लागेल, किती ते सांगता येणार नाही.

दुकान तोवर बंद होतं. मग वहिनींनी उघडलं.

वहिनी म्हणजे आप्पांच्या घरच्या. दुकानाच्या मागेच घर असल्यामुळे त्या दुकानात यायच्या-जायच्या, पण गल्ल्यावर कधी बसल्या नव्हत्या. शिक्षण दहावीपर्यंत. माल त्यांना ओळखता येत होता, कारण गाडी आली की उतरवून घ्यायला त्याच उभ्या असायच्या. डोंगराकडून येणाऱ्या लोकांशी त्यांच्या बोलीत चार वाक्यं बोलायच्या, त्यामुळे बाजाराच्या दिवशी बाया आधी त्यांनाच शोधायच्या. कॉम्प्युटरला मात्र त्यांनी फडक्याखेरीज कधी हात लावलेला नव्हता.

त्यांचा फोन आला. "ताई, तुम्ही या. डबा उघडत नही."

मी गेले. स्क्रीनवर पासवर्डची चौकट आणि खाली चांदण्या. मी पर्समधून पेनड्राइव्ह काढला. चार वर्षं दर आठवड्याला मी न चुकता बॅकअप घेतला होता, त्याचा मला थोडा अभिमानही होता. माझ्या लॅपटॉपवर तो टाकला. तिथेही तीच चौकट. बॅकअप कुलपासकटच घेतला जातो, हे मला ऐकून माहीत होतं, पण त्याचा अर्थ त्या क्षणी कळला. मी चार वर्षं एका बंद पेटीच्या प्रती काढत आले होते.

कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. तिकडून एक मुलगी नम्रपणे म्हणाली, "मॅडम, वो पासवर्ड हमारे पास होता ही नहीं. कस्टमर भूल जाए तो डेटा नहीं खुलेगा." तिची चूक नव्हती. कुलूप तसंच असतं, म्हणून तर ते आप्पांना आवडलं होतं.

वहिनींनी मला एक वही दाखवली. शाळेच्या जुन्या वहीची उरलेली पानं होती. त्यावर त्यांनी जे जे टाकून बघितलं ते लिहिलं होतं आणि पुढे फुली मारली होती. "बठ्ठं करी देखं, ताई. पोरनी जन्मतारीख टाकी, गाडीना नंबर टाका, देवनं नाव टाकं. काहीच चालनं नही." दीड पान फुल्या होत्या. मुलीनेही सुरतेहून फोनवर काही सुचवले होते. मी आणखी पंधरावीस सांगितले. नाही.

आतमध्ये सगळं अडकलं होतं. कुठला माल किती शिल्लक, कुणाला काय भावाने दिला, कुठल्या कंपनीची मोटार कुणाकडे बसवली आणि तिची गॅरंटी केव्हा संपते. जीएसटीचं रिटर्न भरायची तारीख जवळ येत होती. वहिनी पावती पुस्तकावर बिलं लिहीत होत्या, पण एक शेतकरी मोटार घेऊन आला आणि "हाई आप्पापाइनच लेयेल शे, गॅरंटीमा शे" म्हणाला, तर तो खरं बोलतोय की नाही हे बघायला काही साधन नव्हतं. वहिनींनी त्याच्यावर विश्वास ठेवला. दुसऱ्यावरही ठेवला. तिसऱ्या वेळी त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आशे कितला दिन चाली?"

घरी खाटेवर आप्पांना आम्ही विचारून बघितलं. मी पुठ्ठ्यावर अक्षरं आणि आकडे मोठे काढून नेले होते. म्हटलं, बोट ठेवा. ते पुठ्ठ्याकडे बघत राहिले, डावा हात उचलला, एका अक्षरावर नेला, मागे घेतला, दुसऱ्यावर नेला. मग त्यांनी पुठ्ठा ढकलून दिला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. "चाल," म्हणाले, अगदी हळू. मी पुठ्ठा उचलला आणि निघाले. स्कूटीवरून येताना मला वाटत होतं, आपण आजारी माणसाची परीक्षा घेतली आणि तो नापास झाला हे त्याला दाखवून दिलं.

दोन दिवसांनी वहिनींचाच फोन. म्हणाल्या, त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली आहे. जेवताना आप्पांना चमचा दिला तर गोंधळतात, पण ताट समोर ठेवून त्या बाजूला झाल्या की डाव्या हाताने नीट जेवतात. रेडिओ लाव म्हटलं तर बघत राहतात, आणि जवळ ठेवला तर बोट आपसूक बटणावर जातं. "सांगं का व्हस नही. नही सांगं का व्हस," त्या म्हणाल्या. म्हणजे सांगितलं की होत नाही, न सांगता होतं. "आपून त्यास्ले दुकानमा लई जाऊत. खुर्चीवर बसाडूत. रोज सकायले बसतस तसाच. काहीच इचारू नका."

मला फारशी आशा नव्हती. पण मी दुसऱ्या दिवशी नऊ वाजता पोचले. शेजारच्या दोघांनी आप्पांना खुर्चीसकट उचलून मागच्या दारातून दुकानात आणलं आणि त्यांच्या नेहमीच्या जागी बसवलं. वहिनींनी उदबत्ती लावली, कारण रोज लावायचे. चहावाल्याकडून कटिंग आणून नेहमीच्या जागी, स्क्रीनच्या डाव्या अंगाला ठेवला. त्यांच्या उजव्या हातात, तो हलत नव्हता तरी, पेन अडकवलं. मी कॉम्प्युटर चालू केला आणि बाजूला झाले. 

आप्पा आधी दुकान बघत होते. फळ्या, टांगलेल्या नळ्यांची वेटोळी, नवीन आलेली पेटी. मग स्क्रीन उजळली. चौकट आली. त्यांनी डावा हात उचलून कीबोर्डवर ठेवला, आणि माझ्या अंगात इतक्या वर्षांची सवय होती, मी मान फिरवून रस्त्याकडे बघितलं. वहिनीही माझं बघून वळल्या.

टक, टक, टक. थांबले. पुन्हा टक टक. मग एन्टरचा जरा मोठा आवाज. आम्ही वळलो तर चौकट हलली होती, चुकलं होतं. आप्पांच्या कपाळावर घाम. मी पुढे व्हायला गेले तर वहिनींनी माझा हात धरला. पुन्हा ते बोट चाललं, या वेळी न थांबता. आणि स्क्रीनवर दुकानाचं नाव आलं, खाली शिल्लक मालाची यादी.

वहिनी खाली स्टुलावर बसल्या आणि पदर तोंडाला लावला. आप्पा स्क्रीनकडेच बघत होते. त्यांनी बोटाने यादी खाली सरकवली, जिथे नळ्यांचा आकडा होता तिथे थांबले, आणि मग नेहमीप्रमाणे उठून मला खुर्ची द्यायला गेले. उठता आलं नाही. तेव्हा त्यांनी नुसती मान हलवून मला कीबोर्ड दाखवला.

मी उभ्याउभ्या काम केलं. सगळी माहिती कुलूप नसलेल्या फायलींमध्ये बाहेर काढली, दोन पेनड्राइव्हवर घेतली, लॅपटॉपवर घेतली, स्वतःला मेल केली. दीड तास लागला. तेवढा वेळ आप्पा शेजारी बसून होते. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांनी आप्पांना हात जोडले. एक म्हातारा गुडघ्यावर बसून आपल्या डोंगराकडच्या बोलीत बराच वेळ काहीतरी सांगत राहिला. आप्पा "चाल, चाल" म्हणत होते आणि म्हातारा मान डोलवत होता. दोघांचं नीट जमलं होतं.

पासवर्ड काय होता ते कुणी बघितलंच नव्हतं. हे आमच्या लक्षात आप्पांना घरी नेल्यावर आलं. वहिनींनी आणि मी एकमेकींकडे बघितलं आणि खूप दिवसांनी हसलो.

आता ही माहिती ठेवायची कुठे, हा प्रश्न पुन्हा समोर आला. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, आम्हना ऑफिसमा बठ्ठं ऑनलाइनच शे. तू बी तेच ले." मी मात्र म्हटलं, त्याच सॉफ्टवेअरमध्ये नवीन खातं उघडू, पासवर्ड तिघींना ठाऊक असेल असा ठेवू. नेटचा भरवसा नाही. दर वर्षी पैसे भरत राहावं लागेल. आणि माहिती कुणाच्या तरी दूरच्या मशीनवर. मी सांगत होते ते सगळं बरोबर होतं, पण बोलताबोलता मला माझाच आवाज ऐकू आला. चार वर्षांपूर्वी हीच वाक्यं, याच क्रमाने. मी थांबले आणि वहिनींना खरं सांगितलं, "वहिनी, क्लाउडवालं घेतलं तर मन्ही आठवडानी फेरी बंद व्हई. म्हनीसन मी जे सांगस ते तेवढं कमी करीसन ऐका."

त्यांना वाईट वाटलं नाही. त्या विचार करत होत्या ते वेगळंच होतं. त्यांनी विचारलं, "त्यास्ले घर बठा दुकान दिसी का?"

मला आधी कळलं नाही. त्या म्हणाल्या, "दिनभर छतकडे देखत पडेल ऱ्हातस. त्या दिन दुकानमा उनात, मानूस व्हयनात. रोज उचलीसन आनता येवाव नही. मी अठे बिल करं, तर त्यास्ले खाटवर मोबाईलमा दिसी का?"

दुकानात आले त्या दिवशी आप्पा पुन्हा माणसात आल्यासारखे झाले होते, ते मीही बघितलं होतं. दिसेल, मी म्हटलं. दुकानातल्या डब्यात ठेवलं तर नाही, पण क्लाउडवर ठेवलं तर त्याच क्षणी दिसेल.

मग त्यांनी त्यांच्या पद्धतीने उलटतपासणी घेतली. माल कुठे राहतो? कंपनी बंद पडली तर? दुसऱ्या दुकानदाराला भाव दिसतील का? मी माहीत होतं तेवढं सांगितलं आणि माहीत नव्हतं तिथे नाही म्हटलं. शेवटी त्या म्हणाल्या, "मन्हा माहेरले मिरची कोल्ड स्टोरेजमा ठेवतस. माल तठे, पावती आपलाजोडे. तसंच ना?"

"तसंच शे."

"मंग पावती दोन जनासजोडे ऱ्हावाले पाहिजे. आनी महिनाले एक कापी घरमा."

इतकं नेमकं बोलणारं गिऱ्हाईक मला त्याआधी भेटलं नव्हतं. आम्ही ठरवलं, एक महिना दोन्ही चालवू. क्लाउडवर रोजची बिलं, आणि त्याच कॉम्प्युटरवरच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, बिनकुलपाचं नवीन खातं उघडून, संध्याकाळी मी किंवा वहिनी तेच पुन्हा भरू. महिन्यानंतर निर्णय. मोबाईलवर येणारा ओटीपी वहिनींच्या नंबरावर, दुसरी किल्ली मुलीकडे. आप्पांसाठी मुलीने एक टॅबलेट पाठवला. त्यांना फक्त बघता येईल, बदलता येणार नाही, अशी सोय मी करून दिली. मग वाटलं, हे त्यांना अपमानासारखं वाटेल. खाटेजवळ बसून त्यांना समजावून सांगितलं, आप्पा, चुकून बोट लागायला नको म्हणून. त्यांनी टॅबलेट छातीवर ठेवला आणि माझ्याकडे न बघता बघायला लागले.

वहिनींना बिल करायला शिकवायला आठ दिवस गेले. पहिल्या दिवशी एका बिलाला पाऊण तास लागला आणि गिऱ्हाईक बिचारं बसून राहिलं. पाचव्या दिवशी त्यांनी मला सांगितलं, तुम्ही मागे उभ्या राहू नका, माझं चुकतं. मी चहाच्या दुकानावर जाऊन बसले. तिथून दिसत होतं, त्या चष्मा नाकावर घेऊन एकेक अक्षर शोधत होत्या, आणि गिऱ्हाईकच त्यांना सांगत होतं, वहिनी, ते तिकडे, खालच्या ओळीत.

नेटने जे करायचं ते केलंच. दुसऱ्याच आठवड्यात, मिरचीच्या लागवडीची घाई असताना, ठिबक घ्यायला गर्दी आणि सकाळपासून नेट नाही. मला फोन आला. मी मनात म्हटलं, झालं, आता त्या म्हणणार की तुमचं आधीचंच बरं होतं. वहिनी म्हणाल्या, "ताई, पावती पुस्तकवर लिखी ऱ्हायनी मी. नेट उनं का चढाडसू. तुम्हले फक्त इचारनं व्हतं, तारीख आजनीच टाकू ना?" तारीख आजचीच टाका, मी म्हटलं. दुपारी चारला नेट आलं, पाचपर्यंत सगळी बिलं चढली. दुसऱ्या कंपनीचं एक सिम घेऊन ठेवा असं मी सुचवलं, तर ते त्यांनी आधीच मागवलं होतं.

ज्या दिवशी निर्णय झाला, त्या दिवशी मी दुकानात होते. बाजाराचा दिवस. डोंगराकडचा एक माणूस बायकोबरोबर आला होता, विहिरीपासून शेतापर्यंत पाइप न्यायचा होता. वहिनींनी पाइप दिले, जोड दिले, बिल केलं. ते दोघं माल जीपच्या टपावर चढवायला गेले. दोन मिनिटांत वहिनींचा मोबाईल वाजला. घरून आप्पांचा व्हिडिओ कॉल. डाव्या हाताने त्यांना तेवढं जमायला लागलं होतं. स्क्रीनवर त्यांचं कपाळ आणि छत दिसत होतं. "चाल," ते म्हणाले. "चाल, चाल." आवाज चढलेला.

वहिनी घाबरल्या. काय दुखतंय, मागे येऊ का, विचारायला लागल्या. आप्पांनी फोन फिरवून उशीला टेकवला आणि टॅबलेट त्याच्यापुढे ओढला. टॅबलेट हलत होता, त्यामुळे आधी काही दिसेना. मग दिसलं, आत्ताच केलेलं बिल. आप्पांचं बोट एका ओळीवर आपटत होतं, मग दुसऱ्या ओळीवर, पुन्हा पहिल्या.

मी वाचलं. पाइप दोन इंची. जोड अडीच इंची.

वहिनी पदर खोचून पळाल्या. जीप सुरू झालेली होती. त्यांनी बोनेटवर थाप मारून ती थांबवली. पिशवी उतरवून बघितली, तर खरंच अडीच इंची जोड गेले होते. बिलातच चुकलं आणि बिलाप्रमाणे मालही तसाच काढला गेला. तो माणूस घाटातल्या गावाचा होता. घरी पोचून पाइप जोडायला बसला असता, जोड बसले नसते, आणि पुन्हा यायला पुढचा बाजार. जोड बदलून दिले. त्याच्या बायकोने विचारलं, तुम्हाला कसं कळलं? वहिनींनी मोबाईल तिच्यासमोर धरला. आप्पांनी त्यांचा फोन पुन्हा स्वतःकडे फिरवला होता. घामेजलेला, अर्धा ओढलेला चेहरा, आणि इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदा बघितलं, ते हसत होते. उजवी बाजू हलत नव्हती, डावीच हसत होती.

महिना पूर्ण व्हायला आठ दिवस बाकी होते. वहिनी आत येऊन खुर्चीवर बसल्या, श्वास लागला होता. कॉम्प्युटरवरच्या जुन्या सॉफ्टवेअरकडे बोट करून म्हणाल्या, "आते हाईमा दुसरांदाव भरानं बंद करी टाकूत."

असा तो निर्णय झाला: दोनदा भरणं बंद, आता फक्त क्लाउड. घरातली प्रत मात्र त्या दर महिन्याच्या पहिल्या तारखेला स्वतः उतरवून घेतात आणि कपाटात ठेवतात. दोनदा मी आठवण करायला विसरले, त्या विसरल्या नाहीत.

माझी आठवड्याची फेरी बंद झाली. रिटर्न मी इथूनच भरते, महिन्यातून कधीतरी जाते. सुरुवातीला त्या वाराला मला सकाळी चुकल्यासारखं व्हायचं. पण त्यानंतर मी काही सगळ्यांना क्लाउड घ्या म्हणत सुटले नाही. शहाद्याकडे ब्राह्मणपुरीत ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं एक दुकान आहे. तिथे बापलेक दोघं दिवसभर दुकानातच असतात, दोघांनाही सगळं उघडता येतं, आणि नेटला तिथे काही अर्थ नाही. त्यांचं मी कॉम्प्युटरवरच राहू दिलं. फक्त आता कुठेही गेले की आधी किंमत आणि सोयी सांगत नाही. आधी विचारते, घरात आणखी कुणाला हे उघडता येतं? आणि उद्या दुकानात बसणारा माणूस बसू शकला नाही तर तो कुठून बघेल? बरेचजण या प्रश्नाने अवघडतात. काही जणांना तो अशुभ वाटतो. तरी मी विचारते.

आप्पांचे शब्द हळूहळू परत येताहेत. आधी आकडे आले, याचं डॉक्टरांना नवल वाटलं, मला वाटलं नाही. मग मुलीचं नाव. आता काठी घेऊन सकाळी तासभर दुकानात येऊन बसतात. खुर्ची मात्र वहिनींचीच राहिली आहे, ते बाजूच्या बाकड्यावर टॅबलेट मांडीवर घेऊन बसतात.

गेल्या आठवड्यात मी गेले होते तेव्हा दोघांचं जोरात चाललं होतं. फूटव्हॉल्व्ह किती मागवायचे? वहिनी म्हणत होत्या वीस, कारण मागच्या वर्षी या दिवसांत किती गेले ते त्यांनी काढून बघितलं होतं. आप्पा बोटं दाखवत होते, दहा. वहिनींनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्यांनी ती बघितली, मान हलवली, आणि पुन्हा दहा बोटांपैकी उघडतील तेवढी उघडून दाखवली. "जुना माल शे," असं काहीतरी ते म्हणत होते, आणि गोदामाकडे बोट करत होते. वहिनी उठून बघायला गेल्या. रिटर्नच्या कागदावर मला हवी असलेली सही त्यांनी जाताजाता केली. मी चहा घेतला, आप्पांचा निरोप घेतला आणि निघाले. गोदामातून वहिनींचा आवाज येत होता, त्या मोजत होत्या.